चौथा खड्डा

"खड्ड्यांत पाणी कुणी ओतलं, बाबा?"

"मी."

सुधन्वा राजूरकर नकार ऐकायच्या तयारीनं आला होता.

गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह उभं राहणार होतं. त्या मैदानावर पडणारं पावसाचं पाणी कुठं न्यायचं, हे ठरवायचं काम या तरुण इंजिनिअरकडे होतं. काल सकाळी त्यानं तीन खड्डे खणून घेतले, प्रत्येकात फूटभर पाणी ओतलं आणि घड्याळ लावून बसला. बारा मिनिटांत तिन्ही रिकामे. माती एवढं पाणी पीत असेल, तर नाला हवाच कशाला? चार शोषखड्डे पुरे. मैदानाच्या खालच्या अंगाला विणकरांची वस्ती होती, पण पाणी तिथवर जाणारच नाही, असं त्यानं अहवालात लिहूनही टाकलं.

काल विसरलेली मोजपट्टी न्यायला आज परत आला, तर तिन्ही खड्डे काठोकाठ.

मैदानाला लागूनच तकिया, म्हणजे फकिराचं ठाणं, होता. दिलावरशा फकीर तिथं एकटेच राहत आणि शेजारच्या कब्रस्तानात कबरी खणत. वसतिगृह झालं की तकियाची पायवाट बंद होणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

सुधन्वालाही.

"कधी ओतलं?"

"तू गेल्यावर. मग दुपारी. मग आज सकाळी."

"आणि सकाळपासून हे असंच उभं आहे?"

"बघतोयस ना."

"शक्यच नाही. तळाला प्लास्टिक घातलंय तुम्ही."

दिलावरशांनी नुसतं खड्ड्याकडे बोट दाखवलं.

सुधन्वानं बाही सारली, पालथा पडून खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घातला. तळ चाचपला. कडा चाचपल्या. हाताला लागला तो नुसता चिकट गारा.

"मग पाण्यात काहीतरी कालवलंय. साबण असेल... चुना असेल..."

फकीर खाली बसले. त्यांनी खड्ड्यातून ओंजळ भरली आणि ते गढूळ पाणी पिऊन टाकलं. दाढीवरून मातकट थेंब ओघळले.

सुधन्वा ओशाळला. पण हटला नाही.

"मी आता नवा खड्डा खणतो. माझ्या हातानं, मला हवा तिथं. पाणीही माझ्या गाडीतलं. तुम्ही त्या लिंबाखाली बसा. जवळ यायचं नाही."

"बरं."

ऊन चढलं होतं. सुधन्वानं जागा तीनदा बदलली आणि अखेर मैदानाच्या मधोमध खणायला घेतलं. भेगाळलेली काळी माती होती. फूटभर पाणी ओतलं. अकरा मिनिटांत गडप.

"बघा!" तो तिथूनच ओरडला.

"बघितलं. आणखी ओत."

दुसऱ्या खेपेला पाऊण तास लागला. सुधन्वानं घड्याळ कानाशी नेऊन पाहिलं.

"आणखी ओत."

तिसऱ्या खेपेला तो पट्टीवर डोळा ठेवून बसला. एक तास गेला. दोन गेले. पाणी सूतभरही उतरलं नाही. माती फुगली होती, भेगा मिटल्या होत्या. पावसात शोषखड्डे असेच तुंबले असते आणि पाणी थेट विणकरांच्या वस्तीत शिरलं असतं.

आदल्या दिवशी जमीन भिजवून मगच मोजायला बसावं, असं त्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. एक दिवस वाचावा म्हणून त्यानं ती पायरी गाळली होती.

तो लिंबाखाली आला. कपडे चिखलानं माखलेले, ओठ सुकलेले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"श्रावणात कबर खणली, की आधी पाणी उपसावं लागतं. मग मयत ठेवतो."



सुधन्वानं अहवाल काढला आणि कालच्या आकड्यावर आडवी रेघ मारली. आता पेन खिशाला लावून निघायचं, एवढंच उरलं होतं. पण मनातला संशय काही हलेना.

"खरं सांगा, बाबा. यात तुमचं काय? काम अडलं तर तुमची पायवाट राहते. म्हणूनच ना?"

"काम का अडेल?"

"आता नाला काढावा लागणार. आणि ओढ्याकडे उतार एकच आहे... तुमच्या तकियातून."

"मग?"

"मग तुम्ही नाही म्हणाल."

दिलावरशा उठले. कबरी खणायचं फावडं खांद्यावर टाकून तकियात शिरले आणि पार मागे, ओढ्याच्या काठापर्यंत गेले. तिथं फावड्याचा कोपरा जमिनीत रोवून त्यांनी रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ अंगणातून आली. चुलीवरून आली. खोलीच्या मागच्या दारानं आत शिरली, पुढच्या उंबऱ्यावरून बाहेर आली. थोरल्या लिंबाला वळसा घालून मैदानात चढली.

सुधन्वा जागच्या जागी उभा राहून पाहत होता.

"बाबा, ही तर तुमची खोली..."

फावडं थांबलं नाही.

"थांबा! याच्या बदल्यात काय हवंय तुम्हाला?"

रेघ त्याच्या बुटांपाशी येऊन अडली. दिलावरशांनी मान वर केली. कपाळाचा घाम पुसला.

"बाजूला हो, बेटा. उताराच्या आड उभा आहेस."