द्वारकामावशीचं पान

एकदा एका व्यापाऱ्याने घाटाच्या पायथ्याशी अन्नछत्र घातलं. आल्यागेल्याला दोन वेळचं गरम जेवण. पण काही चतुर मंडळी शिधा मागून घेत, झाडाखाली आपलं आपण रांधत, आणि वर पंगतीलाही येऊन बसत. म्हणून त्याने दारावर शिळा बसवली : ‘जो स्वतःसाठी रांधत नाही, त्या प्रत्येकासाठी इथली बाई रांधील. जो स्वतःसाठी रांधतो, त्याच्यासाठी ती रांधणार नाही.’

इथली बाई म्हणजे द्वारकामावशी. साठीला टेकलेली, पुढेमागे कुणी नाही. राहायला पडवी आणि पोटाला अन्न, एवढ्यावर ती रोज चाळीस माणसांची पंगत उठवायची.

एके दिवशी तर्कशास्त्र शिकणारा एक शिष्य तिथे उतरला. आमटीचा तिसरा द्रोण संपवता संपवता त्याने ती शिळा वाचली आणि हात धुवायचंही विसरला.

“शेठजी, ही बाई जेवते की नाही?”

“जेवते की. सगळ्यांच्या मागून.”

“तिच्यासाठी कोण रांधतं?”

“तीच. दुसरं कोण येणार इथे?”

“म्हणजे ती स्वतःसाठी रांधते. अशा माणसासाठी तर तिने रांधायचं नाही. मोडला की नियम!”

“बरं बाबा, मग नको रांधू दे स्वतःसाठी.”

“मग ती स्वतःसाठी न रांधणाऱ्यांत आली. त्यांच्यासाठी तिने रांधलंच पाहिजे!”

शेठजी धर्मभीरू. पुण्याला बट्टा लागेल या धास्तीने त्यांनी मावशीला हाक मारली. “बाई, याचा निकाल लागेपर्यंत इथलं अन्न तोंडात घालू नका.”

“बरं,” मावशी म्हणाली, आणि भाताचं आधण ठेवायला आत गेली.

आता कुणी म्हणेल, चूल तिच्या हातात. कोपऱ्यात बसून घासभर भात खाल्ला असता तर कोण बघणार होतं? पण एकदा बरं म्हटलं की ते पाळणाऱ्या बायका असतात. त्यांचं पोट भरलं की नाही, हे दुसऱ्यांनीच बघावं लागतं.

निरोप गेले, पंडित जमले. शिष्य तर त्या सभेतला नवरदेवच. एक पंडित म्हणाला, “असा नियम पाळणारी बाई जगात संभवतच नाही. सबब, ही बाई नाही.” एवढं बोलून त्याने पान पुढे सरकवलं, आणि त्या नसलेल्या बाईने त्यावर भात वाढला. दुसऱ्याने रांधणारी बाई वेगळी आणि जेवणारी वेगळी, असे एकीचे दोन भाग केले. तिसरा म्हणाला, नियम पांथस्थांचा आहे, बाई त्या गणतीतच नाही. “मग तिला वाढायचं कोणत्या नियमाने?” शिष्याने फट दाखवली. वाहवा झाली. असं तीन दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिष्याचे वृद्ध गुरू आले. शिष्यानेच मोठ्या हौसेने बोलावलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मावशीकडे पाहिलं. ती एका हाताने खांब धरून वाढत होती.

गुरू उठले. धोतर खोचून चुलीपाशी बसले. घरभर धूर केला, डोळे चोळले, पिठात पाणी जास्त घातलं. एकीकडे करपलेली, दुसरीकडे कच्ची अशी एक भाकरी पानावर घालून त्यांनी मावशीपुढे ठेवली.

“गुरुजी,” शिष्य कुजबुजला, “याने कोडं सुटत नाही. आता ती स्वतःसाठी रांधत नाही, म्हणजे तिच्यासाठी तिनेच—”

“नाहीच सुटत,” गुरू म्हणाले. “शंभर वर्षं सुटलं नाही तरी कोड्याचं काय बिघडणार? त्याला पोट नाही. शिळेवर तिने कुणासाठी रांधावं ते लिहिलंय. तिच्यासाठी दुसऱ्या कुणी रांधू नये, असं कुठे लिहिलंय? एवढी विद्या इथे जमली आणि तीत दोन हात निघाले नाहीत! बुद्धी तीक्ष्ण आहे तुझी. पण दृष्टांतासाठी तू जिवंत माणूस धरलंस, आणि नंतर त्याला सोडायचं विसरलास.”

मावशीने ती भाकरी सगळी खाल्ली, करपलेल्या कडेसकट. पान उचललं, जागा सारवली. मग पडवीतलं गाठोडं काखेत मारून ती चालू लागली.

शिष्य मागे धावला. “मावशी, थांबा! शेठजी शिळा काढतायत. आत्ता काढतील.”

“राहू दे की ती शिळा. तिने नाही उपाशी ठेवलं मला.” मावशीचा आवाज चढला नाही. “तीन दिवस माझ्या हातचं जेवलास, मागून मागून. मावशी, तुम्ही जेवलात का, एवढं एकदा विचारायचं होतंस रे.”

“पण आता जाणार कुठे?”

“तीन दिवस नाही विचारलंस. आता नको विचारू.”

ती वळणाआड गेली. अन्नछत्रात पंडित पानं मांडून बसले होते, आणि आज उशीर का, म्हणून कुणीतरी चौकशी करत होतं. शिष्य दारातच थबकला. त्याला उमगलं, उत्तर त्याला पहिल्या दिवसापासून येत होतं. त्यासाठी फक्त पानावरून उठावं लागलं असतं.