साठ शार्दूल

“पण महाराज, पुसायचं तरी कशाला?” शार्दूलने तिसऱ्यांदा विचारलं.

अचलगिरी महाराज सुपारी कातरत राहिले.

डोंगरावरच्या या मठात येण्याआधी महाराजांची पंचवीस वर्षं शहरातल्या कॉम्प्युटरच्या थंडगार खोल्यांत गेली होती. अंगावर भगवी छाटी आली, पण ती विद्या काही सुटली नाही. मठाच्या दालनात साठ कॉम्प्युटर होते आणि खालच्या सात गावांतले लोक त्यांवर शिकायला येत.

दर उन्हाळ्यात ते सगळे नव्याने उभे करायचे. आधी एका कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टीम नीट बसवायची, मग एका स्क्रिप्टने, म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञांनी, तेच सगळं बाकीच्यांत आपोआप उतरवायचं. स्क्रिप्टची शेवटची ओळ महाराजांच्या हातची होती. मूळ कॉम्प्युटरचं नाव, त्याच्या खुणा, सगळं पुसून टाक, असं ती सांगे. जुनं नाव पुसल्याशिवाय नवं बसत नसे. म्हणून प्रत्येक कॉम्प्युटर कोरा जागा होई, आणि महाराज त्याला एकेका झाडाचं नाव देत. पांगारा, अंजन, हिरडा.

शार्दूलला हा सगळा वेळेचा अपव्यय वाटे. या वर्षी काम त्याच्याकडे आलं. त्याने स्वतःचाच कॉम्प्युटर मूळ म्हणून धरला, झाडांच्या नावांची यादी स्क्रिप्टमध्येच घातली आणि ती पुसायची ओळ काढून टाकली. दोन दिवसांचं काम सकाळच्या चहाआधी झालं.

तीन वर्षं झाली होती त्याला मठात. महाराजांनी ‘आता तू मोकळा’ म्हटल्याशिवाय शिष्याने डोंगर उतरायचा नाही, अशी तिथली रीत. खाली हैदराबादची नोकरी वाट पाहत होती. पठ्ठ्याने पिशवीसुद्धा भरून दालनाच्या दाराशी ठेवली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

“मग मी निघू?” त्याने विचारलं.

“आधी हाक मारून पाहू,” महाराज म्हणाले.

भर दुपार होती. दालनात पंखे बंद होते, तरी आत शिरताच शार्दूलच्या हातांवर काटा आला. का, ते त्याला कळलं नाही. बाहेर झाडांवर एकही पाखरू बोलत नव्हतं.

महाराज पुढच्या कॉम्प्युटरपाशी बसले. तिथून नाव टाइप केलं, की त्या नावाचा कॉम्प्युटर एक बारीक आवाज करून पडद्यावर ‘हजर’ लिहीत असे.

त्यांनी लिहिलं, पांगारा.

...

अंजन.

...

हिरडा, बेहडा, कुंभा. कुणीच ओ दिली नाही.

शार्दूल हसला. यादीत काहीतरी चुकलं असेल, आत्ता बघतो, म्हणाला.

महाराजांनी सावकाश लिहिलं, शार्दूल.

पहिल्या रांगेतून आवाज आला. मग दुसरीतून. मग मागून, कोपऱ्यातून, खांबाआडून. एकामागून एक साठ पडदे उजळले. हजर. हजर. हजर. प्रत्येकावर शार्दूलचाच फोटो होता, गेल्या वर्षी कड्यावर काढलेला, मान किंचित डावीकडे. साठ शार्दूल एकाच बाजूला बघत होते.

तो घाबरला. खरंच घाबरला.

धावत जाऊन त्याने भिंतीकडचा आपला स्वतःचा कॉम्प्युटर उघडला, नाव आणि परवलीची खूण घातली. पडद्यावर एकच ओळ आली: या नावाचा इथे दुसरा कुणी आहे. त्याने पुन्हा घातली. पुन्हा तीच ओळ.

“हा मूळचा आहे, महाराज. हे सगळे याच्यावरून निघालेत. खरा हा आहे.”

“ते साठही हेच सांगतायत.”

“पण मी इथे समोर उभा आहे ना.”

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं. मग कॉम्प्युटरपासून मागे सरकून दोन्ही हात मांडीवर ठेवले.

...

“शार्दूल,” ते हलकेच म्हणाले.

शार्दूलची नजर रांगांवरून फिरली, पहिली, दुसरी, पार कोपऱ्यापर्यंत. आता यातला कोण ओ देतो, म्हणून तो कान देऊन उभा राहिला.

एकाही कॉम्प्युटरने आवाज केला नाही.

...

“कुणीच बोलत नाही, महाराज,” तो शेवटी कुजबुजला.

महाराज उठले. दाराशी ठेवलेली त्याची पिशवी त्यांनी उचलली आणि परत आत, खुंटीला अडकवली.

“हाक तुला मारली होती.”