मोरीच्या खुरातला काटा

शेळ्यांच्या गळ्यात अजून दावं पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. माळावरच्या कळपात कबरी नावाची शेळी होती. तिला दोन करडं. तांबूचे मागचे पाय जन्मतःच वाकडे, त्याची बहीण मोरी मात्र धडधाकट. कळप चरायला निघाला की तांबू मोरीच्या अंगाला टेकून चाले. संध्याकाळी कबरी तांबूचे पाय चाटत बसे. मोरी जवळ आली की म्हणे, "थांब गं जरा. तुला कुठं काय झालंय?"

म्हाताऱ्या शेळ्या म्हणत, "पोर गुणाची हो! कधी हूं नाही की चूं नाही." कौतुक करायला काय लागतं?

एके दिवशी मोरीच्या खुरात बाभळीचा काटा मोडला. ती बोलली नाही. आईच्या जिवाला आधीच काय कमी घोर होता? आणि आपण लंगडलो तर तांबू पडेल. म्हणून ती दात आवळून सरळ चालत राहिली आणि खूर आतल्या आत सडत गेला.

शेवटी तिच्या अंगाला टेकलेला तांबूच ओरडला, "आई, हिचं अंग बघ केवढं तापलंय!"

तोवर पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता. मोरी जागच्या जागी कोसळली. कबरी धावत आली आणि तो पाय चाटू लागली. "अगं, मला सांगायचं तरी!"

मोरीनं सवयीनं पाय आखडून घेतला.

"आधी त्याचे चाट, आई. मला कुठं काय झालंय?"