मुंग्या मोजणारी खार

फार जुन्या काळी पेरूच्या झाडाखाली एक खार राहत असे. शेंड्याला एकच पेरू पिकला होता आणि ती सकाळपासून उपाशी होती. पण डोळे मिटून चढणाऱ्यांतली ती नव्हती. पेरू खाण्याजोगा आहे की नाही हे ठरवायला ती खोडावरच्या मुंग्या मोजी. वर जाणाऱ्या जास्त झाल्या की वर धावे. उतरणाऱ्या वाढल्या की अर्ध्यातून खाली पळे.

"अगं, जरा वास घेऊन बघ की!" फांदीवरचा बुलबुल म्हणाला.

"वास अडाणी घेतात. मी मोजते."

दिवस कलेपर्यंत बुलबुलाने पेरू फस्त केला. दमलेल्या खारीने मुंग्यांच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मुंगळ्याला विचारले, "काका, तुम्ही दिवसभर काय बघून चढत-उतरत होतात?"

"तुला बघून, बाई," मुंगळा म्हणाला. "एवढी हुशार खार उगीच कशाला पळेल?"