लिंबाएवढा खडा

शेत राखणाऱ्या ठकूबाईने गोफणीने लांडगा लोळवला, म्हणून महाराजांनी तिला चांदीचं कडं जाहीर केलं. तोफखान्याचे सरदार हैबतराव यांचा जळफळाट झाला. वीस वर्षांच्या चाकरीत त्यांना कडं मिळालं नव्हतं.

"लिंबाएवढा खडा तो, महाराज. माझा तोफगोळा मणभराचा. जोर वजनात असतो."

ठकूबाई म्हणाली, "मग सरदारांनी एक पत्करावं. गोळा अलगद मांडीवर घ्यावा, नाहीतर वीस पावलांवरून माझा खडा अंगावर."

हैबतरावांनी गोफणीकडे पाहिलं आणि मांडी घातली. दोघा शिपायांनी गोळा आणून ठेवला.

"धावत्या खड्यापुढे बसलेला गोळा हलका, हे सरदारांनीच ठरवलं," ती म्हणाली.

मांडीवरच्या वजनाने हैबतरावांना उठता येईना. ठकूबाईच्या हातात चढणारं कडं त्यांना शेवटपर्यंत बघावं लागलं.