डोंगरावरची अकरा मतं

आंबेखोलाच्या वाडीत मतदार अवघे अकरा. तेवढ्यांसाठी दर निवडणुकीला सहा कर्मचारी मतदानाचं यंत्र घेऊन डोंगर चढत. हे केंद्र बंद करायचं म्हणून मंत्री रायाजीराव स्वतः वर आले. आले म्हणजे डोलीत बसून. वाडीतल्या चार गड्यांनी त्यांना खांद्यावर वाहून आणलं.

घाम मात्र मंत्र्यांनीच पुसला. म्हणाले, "अकरा मतांसाठी सरकारनं एवढा खर्च का सोसावा? यापुढं तुम्हीच खाली येऊन मत द्या."

म्हाताऱ्या ठकूबाईच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. खाली जायचं म्हणजे तिचं मत गेलंच. ती काठी टेकत पुढं आली.

"खरं हाय, सायेब. संस्थानाच्या राजाच्या वक्ताला बरं व्हतं. मतदानाचा खर्चच न्हवता."

"बघा! म्हातारीला कळतं!" मंत्री खुलले.

"तवा राजाची पालखी म्होरनं माझा सासरा उचलायचा, अन् मागनं तुमचा आजा. मतं आली म्हणून आज तुम्ही आत बसलाय. खर्च वाचवायचा आसंल, तर मागचा खांदा आजून तुमच्याच घराण्याचा हाय."

मंत्री डोंगर पायीच उतरले. केंद्र वरच राहिलं.