युवराज्ञीची आडवी दाढ

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांच्या बोलीत बोलत, एक नेम होता. गादीवर बसणाऱ्याने राजशपथ स्वतःच्या मुखाने, स्पष्ट म्हणावी. शब्द अडखळला, तर राजा नावापुरता आणि सत्ता प्रधानाची. प्रधान होता कालकेतू मांत्रिक. त्याने राजवंशाला शाप दिला होता: वारसाला अक्कलदाढ आडवी फुटेल, हिरडी सुजेल, जबडा मिटेल. युवराज्ञी वैजयंतेचा आजा शपथेच्या दिवशी मुका राहिला. तिचा बाप, राजा धवलसेन, तोही मुका राहिला.

वैजयंतेला विसावे लागले आणि दाढ अर्धी वर आली. उरलेल्या अर्ध्या दाढेवर हिरडीची झापड. तिच्याखाली अन्नाचे कण अडकत, पू धरे. गाल फुगला, कान ठणकू लागला, तोंड बोटभराहून जास्त उघडेना. थकलेला धवलसेन गादी तिला देणार होता, आणि तिच्या शपथेला नऊ दिवस उरले होते.

कालकेतू आला. गोड आवाजात म्हणाला, "युवराज्ञी, कष्ट कशाला? आपल्या वतीने शपथ मी म्हणेन."

वैजयंता दातांवर दात ठेवूनच बोलली, "माझे शब्द मीच म्हणेन. आपण निघावे."

तो गेला, तेव्हा गवाक्षात भारद्वाज पक्षी येऊन बसला.

"कन्ये, तीन गोष्टी कर. खारसरोवराचे मीठ आण. नागवनातली लवंग आण. तिसरी गोष्ट सरसा वैदीण सांगेल. वेशीबाहेर तिची झोपडी आहे."

वैजयंतेने घोडा काढला. रक्षक मागे निघाले, त्यांना तिने हातानेच परतवले.

खारसरोवर बोलके होते. "मीठ देईन," ते म्हणाले, "पण त्यासाठी तुझा मुकुट पाण्यात टाक."

"मुकुट अजून माझा नाही," ती म्हणाली. "जे माझे नाही, ते मी देत नाही. हवा तर हा घोडा घे."

सरोवर हसले, घोडा घेतला, मीठ दिले. पुढे ती पायी चालली. दोन दिवस पेजेच्या घोटांवर काढले. नागवनात लवंगेच्या झाडाला विळखा घालून सात फण्यांचा नाग बसला होता.

"रडून दाखव," तो म्हणाला. "रडणाऱ्यांना मी लवंग देतो."

ठणका कानापासून मानेपर्यंत उतरला होता. तरी ती म्हणाली, "दुखते आहे, हे खरे. रडणार नाही, हेही खरे."

"खरे बोललीस," म्हणत नागाने विळखा सोडला आणि तिने लवंगा खुडून घेतल्या.

सरसा वैदिणीने कोमट पाण्यात मीठ घालून तिला तीन दिवस गुळण्या करायला लावल्या. हिरडीवर लवंगेचे तेल लावले. सूज ओसरली, तोंड दोन बोटे उघडले. मग म्हातारीने तिच्यापुढे आरसा धरला.

"ही दाढ शेजारच्या दाताला ढुशा देते आहे, बाई. राहिली तर सूज पुन्हा येईल. काढायला हवी. पण शाप मोडायचा तर डोळे मिटायचे नाहीत आणि कुणी धरायचेही नाही. जमेल?"

वैजयंतेने हात मांडीखाली दाबले.

"काढा, मावशी."

म्हातारीने हिरडी चिरली, चिमटा लावला. युवराज्ञी आरशात स्वतःकडे पाहत राहिली. कपाळावर घाम आला, पापणी लवली नाही. दाढ निघाली. ती कोळशासारखी काळी होती. भुईवर पडताच तिचा धूर झाला आणि वाऱ्यावर विरला.

नवव्या दिवशी दरबार भरला. वैजयंता एका बाजूच्या किंचित सुजलेल्या गालाने, ताठ मानेने सिंहासनासमोर उभी राहिली. कालकेतू हसत होता.

"ही भूमी माझी नाही," तिचा आवाज घुमला, "मी हिची आहे. हिच्या अन्नाने वाढले, हिच्यासाठी झिजेन."

एकही अक्षर अडले नाही. कालकेतूच्या मंत्रदंडाचा हातातच भुगा झाला. मंत्रबळ सरले. तो साध्या म्हाताऱ्यासारखा खांबाला धरून उभा राहिला.

"याला काय शिक्षा, राणीसाहेब?" सेनापतीने विचारले.

"सीमेपार सोडा. वाटेत खायला शिदोरी द्या."

धवलसेन आसनावरून उठला. आयुष्यभर ज्याने दरबारात मान वर केली नव्हती, तो मोठ्याने म्हणाला, "लोकहो, ही माझी लेक!" दरबार उठून उभा राहिला. वैजयंतेने सरसा वैदिणीला हाताला धरून राजवैद्याच्या आसनावर बसवले. मग ती सिंहासनावर चढली आणि त्या राज्यात पुन्हा राजाचा शब्द राजाच्या मुखातून निघू लागला. तिने चाळीस वर्षे राज्य केले, आणि कथा सांगणारे तिथेच सुखाने थांबतात.